आकात्सिया गल्ली, घर क्रमांक चार

मेतोदी चाकारोव्ह यांनी सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात एकदाच फुशारकी मारली, आणि तीही नेमकी उपनगराध्यक्षांच्या तोंडावर.

मिरोव्हेन गावच्या वरच्या आळीतलं शाखा ग्रंथालय ज्या इमारतीत होतं, ती इमारत कोर्टाने मूळ मालकाच्या वारसांना परत देऊन टाकली. वारस सहा होते, सहाही परदेशात होते, आणि सहाही जणांना तिथे हॉटेल काढायचं होतं. सहा भावंडांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. दोन महिन्यांत जागा रिकामी करा, अशी नोटीस आली. आता आठ हजार पुस्तकं, एक लाकडावरची शेगडी आणि मेतोदी यांना कुठे ठेवायचं, असा प्रश्न नगरपालिकेपुढे उभा राहिला. उपनगराध्यक्ष तोपचिएव्ह हे इंजिनियर असल्यामुळे त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. शाखा बंद करायची, पुस्तकं नगरपालिकेच्या तळघरात न्यायची, मेतोदींना दफ्तरखान्यात बसवायचं आणि शेगडी भंगारात द्यायची. तळघरात दर वसंतात गुडघाभर पाणी शिरतं, असं मेतोदींनी अदबीने सुचवून पाहिलं. त्यावर मग पुस्तकं वरच्या फळीवर ठेवू, असं साहेब म्हणाले.

"शाखा हवी असं तुम्ही म्हणता, चाकारोव्ह," ते पुढे म्हणाले, "पण कशावरून? वाचक राहतात कुठे, चालून येतात किती, मागणी कुठे जास्त आहे, काही आकडे? हल्ली सगळं डेटावर चालतं. नकाशा आणा."

"आणतो," मेतोदी बोलून गेले. "महिन्याभरात आणतो. मी त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय, साहेब."

हे खोटं नव्हतं. ग्रंथपालांसाठी प्लॉवदिव शहरात संगणकावर नकाशे काढण्याचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र मेतोदींच्या बैठकीत चौकटीत लावलेलं होतं. फक्त शिबिराचा महत्त्वाचा भाग दुसऱ्या दिवशी जेवणानंतर होता, आणि जेवणाला भाजलेलं कोकरू होतं. त्यापुढचं मेतोदींना नीटसं आठवत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट बायकोला, वेलिकाला, शक्य तितक्या सहज सांगितली. वेलिका हातातली भाजलेली मिरची सोलायची थांबली. "अहो, मागच्या उन्हाळ्यात मावशीचं घर शोधताना आपण दोनदा एकाच लग्नात जाऊन पोचलो," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा त्यांनी आपल्याला जेवूनही पाठवलं. आणि तुम्ही नकाशा काढणार?" मेतोदींनी या विधानाकडे दुर्लक्ष केलं. थोर कामाची सुरुवात घरच्या उपहासानेच होते, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी मनात म्हटलं.

कामाला सुरुवात झाली ती वाचकांच्या कार्डांपासून. सहाशे बारा कार्डं होती. गावातल्या रस्त्यांची नावं राज्य बदललं तशी बदललेली. एकच गल्ली आधी एका संताच्या नावाची होती, मग जनरलच्या आणि शेवटी सगळ्यांनाच वैताग आल्यावर लिंबोणीच्या. जुन्या वाचकांनी तिन्ही नावं आलटून पालटून लिहिली होती. एकाने पत्ता म्हणून 'बेकरीच्या मागे' एवढंच लिहिलं होतं, आणि ती बेकरी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. पण गेल्या पाच वर्षांतली कार्डं पाहून मेतोदींचा ऊर भरून आला. कारण पाच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः एक नियम केला होता: वाचकाचा पत्ता सरकारी दाखल्यावर असेल तोच, अक्षर न् अक्षर तसाच, लिहून घ्यायचा. तोंडी पत्ता चालणार नाही. या नियमापायी लोकांनी त्यांना खडूस म्हटलं होतं. आता हाच खडूसपणा शाखेला वाचवणार होता.

आठ दिवस दोन बोटांनी टंकून झाल्यावर मेतोदींनी बटण दाबलं. मिरोव्हेनचा नकाशा उमटला आणि त्यावर एकही ठिपका नव्हता. ते नकाशा लहान लहान करत गेले. गाव गेलं, जिल्हा गेला, देश गेला, समुद्र लागला, आणि शेवटी वाचक सापडले. जवळजवळ सगळे अरबस्तानच्या वाळवंटात एका जागी गोळा झाले होते.

वेलिका चष्मा लावून बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "शाखा तिथेच काढा. कोरडी हवा आहे, पुस्तकं भिजायची नाहीत."

शेजारचे स्तामात काका तोफखान्यातून निवृत्त झालेले. ते मीठ मागायला आले होते, पण तोफखान्याच्या माणसाला नकाशा दिसला की मीठ आठवत नाही. त्यांनी एका नजरेत निदान केलं. "लेका मेतोदी, अक्षांशाच्या जागी रेखांश घातलेस तू. आमच्याकडे एका लेफ्टनंटने हीच चूक केली होती आणि आम्ही आमच्याच भटारखान्यावर तोफ डागली. तीन दिवस कोरडा पाव खाल्ला सगळ्यांनी." मग काका खुर्ची ओढून बसले आणि ती तोफ, तो लेफ्टनंट आणि तो पाव यांची हकिकत दीड तास चालली. पण चूक बरोबर होती, म्हणजे चूकच होती, आणि रकाने उलटे केल्याबरोबर वाचक अरबस्तानातून निघून सुखरूप मिरोव्हेनला आले.

एकोणीस जण मात्र आले नाहीत. ते आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात तरंगत होते. ज्यांच्या कार्डावर पत्ताच नाही अशांना यंत्र शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर नेऊन सोडतं, हे मेतोदींना दोन दिवसांनी कळलं. त्या एकोणिसांत वेलिकाही होती. ग्रंथपालाच्या बायकोचा पत्ता काय लिहायचा म्हणून मेतोदींनीच तो रकाना रिकामा ठेवला होता. चार वर्षं समुद्रावर नेतो नेतो म्हणून नेलं नाहीत, शेवटी एकटीलाच पाठवलंत, असं ती दिवसभर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत राहिली.

एव्हाना मेतोदी नकाशा काढतायत ही बातमी गावभर झाली होती, आणि नकाशा म्हटलं की प्रत्येकाला आपलं दार त्याच्या मधोमध हवं असतं. औषधाच्या दुकानवाल्या बाईंचं म्हणणं, ग्रंथालय दुकानाशेजारीच हवं, कारण वाचून डोळे दुखले की थेंब लगेच मिळतील. पेन्शनरांच्या मंडळाला ते बाकापासून वीस पावलांत हवं होतं आणि त्यांनी वीस पावलं टाकून दाखवलीही. न्हाव्याने तर दाढी अर्धी झाल्यावर वस्तरा थांबवून विचारलं, ठिपका इकडे थोडा सरकवता येईल का. मेतोदींनी त्या परिस्थितीतही विज्ञान सरकवता येत नाही असं उत्तर दिलं. पण ते अगदी हळू आवाजात दिलं.

मागणी मोजायची म्हणून ते घरोघरी प्रश्नावली घेऊन गेले, आणि ती सप्टेंबरात घेऊन गेले. सप्टेंबरात मिरोव्हेनला कोणी वाचत नाही, बोलत नाही आणि झोपतही नाही. सगळं गाव गच्चीत, अंगणात, जिन्यात लाल मिरच्या भाजतं आणि हिवाळ्याची चटणी बरण्यांत भरतं. आठवड्यातून किती वेळा ग्रंथालयात याल, या प्रश्नाला पहिल्या घरी उत्तर मिळालं की आधी ही कढई धर. दुसऱ्या घरी त्यांना ढवळायला बसवलं. संध्याकाळी मेतोदी परतले तेव्हा त्यांच्याकडे नऊ बरण्या चटणी, भाजलेली करंगळी आणि शून्य उत्तरं होती. शिवाय घरची चटणी लोकांच्या चटणीपुढे कशी आहे, हे मेतोदींना प्रत्येक बरणीमागे वेलिकाला सांगावं लागलं, आणि त्या बाबतीत माणसाला खरं बोलता येत नाही.

मग चालण्याचा प्रश्न आला. यंत्राच्या मते माणूस दहा मिनिटांत आठशे मीटर जातो. खातरजमा म्हणून मेतोदींनी घड्याळ लावून स्तामात काकांना शाखेपर्यंत चालवलं. अंतर चारशे मीटर. काका सात ठिकाणी थांबले, दोन ठिकाणी बसले, एका ठिकाणी कॉफी प्याले आणि एका जुन्या वैऱ्याला टाळण्यासाठी उलट्या दिशेने गेले. एकूण पन्नास मिनिटं लागली. त्या हिशेबाने त्यांचं दहा मिनिटांचं वर्तुळ त्यांच्याच फाटकाशी संपत होतं. मेतोदींनी ही नोंद परिशिष्टात टाकली.

सभेला तीन दिवस उरले असताना त्यांनी शेवटचं बटण दाबलं. जिथे वाचक दाट तिथे रंग गडद होणार होता. वरची आळी फिकट पिवळी झाली, नवी वसाहत त्याहून फिकट झाली. असल्या फिकट नकाशावर तोपचिएव्ह तळघराचाच ठराव करणार. पण एवढ्यात नकाशाच्या मधोमध एक जागा नारिंगी झाली, मग लाल झाली, मग इतकी लाल झाली की मेतोदींनी पडद्याला हात लावून पाहिला. आकात्सिया गल्ली, घर क्रमांक चार. एका घरात एकाहत्तर वाचक, आणि सगळे गेल्या पाच वर्षांतले, म्हणजे अक्षर न् अक्षर दाखल्याप्रमाणे. आठ दिवस टंकताना मेतोदींची नजर आपल्या दोन बोटांवर होती, नावापत्त्यांवर नव्हती. मेतोदी खुर्चीतून उठले आणि बैठकीतल्या बैठकीत नाचले. एवढा वाचनवेडा वाडाच्या वाडा आपल्या गावात असावा आणि आपल्याला पत्ता नसावा, याची त्यांना लाजही वाटली. आकात्सिया गल्ली गावातल्या एकुलत्या चांगल्या शाळेच्या फाटकासमोर होती. विश्वकोशाचा चौथा खंड कोणी हरवला यावरून शाळेच्या मुख्याध्यापकांशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून ते त्या बाजूला फिरकत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाय बांधून तिथे गेले. पाच-सहा मजली इमारत असेल अशी त्यांची समजूत होती. तिथे अक्रोडाच्या झाडाखाली एक बसकं घर होतं: वर दोन खोल्या, खाली रिकामी पडवी, अंगणात कोंबड्या. आणि कोंबड्यांना दाणे टाकत एक म्हातारी उभी होती. तिच्या अंगात मेतोदींचा राखाडी लोकरी कोट होता. तोच कोट, जो ते दोन हिवाळे शोधत होते.

"ये बाळा," म्हातारी म्हणाली; सगळं गाव तिला कुना आजी म्हणे. "कोट बघतोयस ना. ऊबदार आहे हो, तुझ्या बायकोची दानत मोठी."

मेतोदींना बसायला तिने तीन पायांचं स्टूल दिलं आणि मग एक वही आणली. चांगल्या शाळेत पोर घालायचं तर त्याचा पत्ता शाळेजवळचा हवा, हे मेतोदींनाही ठाऊक होतं. पण त्यावर गावाने काढलेला तोडगा त्यांना ठाऊक नव्हता. पोरांची नावं कुना आजीच्या घरात लावायची आणि दाखला काढायचा. आजी पैसे घेत नसे, पैशाला ती पाप म्हणे. कोणी लाकडं फोडून द्यायचं, कोणी कौलं बसवायचं, कोणी मधाची बरणी. सगळं वहीत लिहिलेलं होतं. आजीने बोट फिरवत वाचलं: न्हाव्याची नात, दोन ट्रॉल्या लाकूड. औषधवाल्या बाईंचा मुलगा, गुडघ्याचं मलम, कायमचं. तोपचिएव्हांची जुळी, कुंपण. आणि बावन्नाव्या क्रमांकावर, मेतोदी चाकारोव्ह यांचा नातू, एक कोट.

"एकाहत्तर माणसं राहतात माझ्या घरात," आजी म्हणाली. "आणि जानेवारीत मी पाय घसरून पडले, तेव्हा हाक मारायला कोंबड्या होत्या."

मेतोदींनी वही बंद करून तिच्या हातात दिली. त्यांना नकाशाचं वाईट वाटत होतं की आजीचं, हे त्यांना कळेना. घरी येऊन ते बायकोवर तत्त्वासाठी रागावले आणि कोटासाठी त्याहून जास्त रागावले. वेलिकाने शांतपणे ऐकून घेतलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नगरपालिकेला पत्र लिहिलं असतंत, तेही सुवाच्य अक्षरात, आणि आज आपला नातू नदीपलीकडच्या शाळेत गेला असता, असं ती म्हणाली. हे इतकं खरं होतं की मेतोदींना जेवण गेलं नाही.

पेच असा होता. ते एकाहत्तर वजा केले तर नकाशा फिकट पडत होता आणि शाखा तळघरात जात होती. वजा नाही केले तर मेतोदी चाकारोव्ह, ज्यांनी सव्वीस वर्षांत एकाही पुस्तकाची तारीख खोटी टाकली नव्हती, भर सभेत खोटा नकाशा मांडणार होते. आणि खरं सांगितलं तर एकाहत्तर पोरांचं शाळेतून नाव जाणार होतं. दोन रात्री ते कुशीवर वळत राहिले. शेवटी त्यांनी ठरवलं की पोरांची नावं घ्यायची नाहीत, पण लाल ठिपका चुकीचा आहे एवढं सांगायचं. शाखा गेली तर गेली. दफ्तरखान्यात निदान खिडकी होती.

सभेत नकाशा भिंतीवर लागला. तोपचिएव्ह खुर्चीत मागे रेलून बसले होते. तळघराचा ठराव टंकून त्यांच्यासमोर तयार होता. मेतोदींनी फिकट पिवळ्यापासून सुरुवात केली, मग लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि हा जो लाल भाग दिसतोय," ते म्हणाले, "आकात्सिया गल्ली, घर क्रमांक चार. याच्याबद्दल मला सभेपुढे एक गोष्ट कबूल करायची आहे."

सतरा नगरसेवक बसले होते, आणि मेतोदींच्या लक्षात आलं की त्या वहीत यांतल्या चौदा जणांची आडनावं होती. तोपचिएव्ह हळूहळू सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग नकाशावरच्या ठिपक्याच्या जवळ जाऊ लागला.

"कबूल कसलं करताय, चाकारोव्ह," ते घाईने म्हणाले. "विनय पुरे. काम उत्तम आहे. नकाशा शास्त्रीय आहे, आणि शास्त्रावर चर्चा होत नसते."

"साहेब, पण त्या पत्त्यावर प्रत्यक्षात..."

"मागणी आहे," एक नगरसेविका म्हणाली. तिची नात चौतिसाव्या क्रमांकावर होती. दुसऱ्याने उठून ठासून सांगितलं की आकात्सिया गल्लीत वाचनाची भूक आहे हे तो लहानपणापासून बघत आला आहे. तिसऱ्याने पत्त्यांची तपासणी करण्यासारखं यात काहीच नाही, असं कोणी सुचवलेलं नसताना तीनदा म्हटलं. मेतोदींनी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा टाळ्या पडल्या. शेवटी मत घेतलं तेव्हा सतराच्या सतरा माना आडव्या हलल्या, तिकडे होकाराची मान आडवीच हलते, आणि ठराव मंजूर झाला: वरच्या आळीची शाखा लाल भागाच्या केंद्रस्थानी हलवावी. तळघराचा कागद तोपचिएव्हांनी घडी घालून खिशात टाकला. ग्रंथालयाच्या इतिहासात एवढ्या झपाट्याने काही मंजूर झालं नव्हतं, आणि तेही ग्रंथपालाच्या विरोधाला न जुमानता.

केंद्रस्थानी कुना आजीची पडवी होती. मेतोदी पडेल चेहऱ्याने विचारायला गेले. आजी ऐकता ऐकता कोंबड्यांवर ओरडत होती, त्यामुळे तिला काय वाटतंय हे कळायला मार्ग नव्हता. मग म्हणाली, पडवी देते, भाडं नको, ग्रंथालयाची शेगडी मात्र इथेच राहील. आणि एक अट आहे.

"वहीतल्या प्रत्येकाने यायचं. कागदावर राहतात तसं जरा खरोखरचं राहायचं."

मेतोदींनी ही अट कार्डांमागे शिक्का मारून सगळ्यांना कळवली. कोणाची नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती. ऑक्टोबरात पुस्तकं हलली. चौदा नगरसेवक खोके उचलायला आले, न्हाव्याने फळ्या ठोकल्या, स्तामात काकांनी तोफखान्याच्या शिस्तीने विषय लावले आणि काव्य व कुक्कुटपालन एका कप्प्यात घातलं. पहिल्या दिवशी मेतोदी टेबलाशी बसले ते घाबरतच. कोणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. पण समोरची शाळा सुटली आणि पोरं रस्ता ओलांडून सरळ आत आली, कारण त्यांना आईबाप सहाला घ्यायला येणार होते आणि तोवर जायला दुसरी जागा नव्हती. आजी दारात वही घेऊन उभी होती. प्रत्येकाला नाव विचारायची, खूण करायची आणि बूट पुसायला लावायची. बावन्नाव्या क्रमांकाने आजोबांकडे न बघता आजीला मिठी मारली, आणि मेतोदींना कळलं की हे दोघं एकमेकांना आधीपासून चांगले ओळखतात. त्या आठवड्यात शाखेतून जितकी पुस्तकं गेली तितकी मागच्या वर्षभरात गेली नव्हती. मेतोदींनी तीनदा मोजलं, मग बाहेर जाऊन अक्रोडाखाली नाक शिंकरलं. ते आनंदाने रडत होते आणि कोट नसल्यामुळे थोडे गारठलेही होते.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून गेले, सगळी पोरं गेली, तोपचिएव्हांची जुळी तेवढी राहिली. आईला वाटलं बापाने आणलं, बापाला वाटलं आईने. आजीने त्यांना शेगडीशी बसवून घेवड्याचं सूप वाढलं होतं आणि दोघं तिला आळीपाळीने एक गोष्ट वाचून दाखवत होती, कारण तिचा चष्मा दोन वर्षांपूर्वी मोडला होता. पावणेसातला उपनगराध्यक्ष धापा टाकत फाटकातून आत आले. टोपी कुठेतरी पडली होती, गळ्यातला रुमाल मागे गेला होता. शाळेत नाहीत, मैदानात नाहीत, मावशीकडे नाहीत, सगळं गाव पालथं घातलं होतं. त्यांना धड बोलताही येईना. पोरं कुठे आहेत, एवढं त्यांनी कसंबसं विचारलं.

कुना आजी दारातून हलली नाही. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठे असणार?" ती म्हणाली. "घरीच आहेत."

तोपचिएव्हांनी खाली वाकून बूट पुसले आणि ते आत गेले.